झाड पळत नाही, ट्रक पळतो

माझ्या मामेभावाच्या धुऱ्यावर सात सागवान उभे आहेत. प्रत्येकाच्या बुंध्यावर छातीच्या उंचीला साल तासून आकडा घातलेला आहे, एक ते सात. तोच आकडा पुन्हा खाली, जमिनीपासून वीतभर वर. वरचा आकडा लाकडाबरोबर जातो, खालचा खुंटाबरोबर वावरात राहतो. पुढे कोणी विचारलं की हे लाकूड कुठलं, तर खुंट साक्ष देतो. ही पद्धत ज्या कोणी काढली त्याला झाडाची पारख होती आणि माणसाचीही.

आता त्या तासलेल्या जागेवर कडेने नवी साल चढते आहे. तीन नंबरच्या झाडावरचा आकडा अर्धा झाकला गेला. परवानगीची तारीख निघून गेली, झाडं जागेवरच आहेत.

अर्ज दिवाळी आटोपल्यावर टाकला होता. सातबारा, गटाचा नकाशा, तलाठ्याचा दाखला, आणि धुरा सामाईक असल्यामुळे शेजाऱ्याची संमती. शेजारी वारलेला, वारस तिघं, एक पुण्याला, एक सुरतेला. सह्या जमायलाच सव्वा महिना गेला. त्यात कोणाचा दोष नाही. मग पाहणी. फेब्रुवारी लागला की जंगलात आगीचा हंगाम सुरू होतो, वनखात्याची माणसं डोंगरात गुंतलेली असतात. धुऱ्यावरची सात झाडं मोजायला तेव्हा कोण रिकामं असणार? तेही समजू शकतो. पाहणी झाली, आकडे पडले, कागद वर गेला, खाली आला. मामेभावाच्या हातात पडला तेव्हा जूनचा पहिला आठवडा होता. मुदत ऑगस्टअखेरपर्यंत.

जून, जुलै, ऑगस्ट. चांदूर बाजारात या तीन महिन्यांत वावरात काय असतं ते इथल्या शाळेतलं पोरही सांगेल. मृगाचं पाणी पडलं की काळी माती फुगते. बैलाचा पाय निघत नाही, तिथे लाकडाचा ट्रॅक्टर काय निघणार? रुतलेला ट्रॅक्टर काढायला दुसरा आणला तर तोही रुततो. पेरणी झालेली असते. सोयाबीन ढोपरभर, मधून तुरीची तासं. धुऱ्यावरचा पन्नास फुटांचा साग आडवा पडला तर वीस तासं खाली जातात, आणि तो ओढून बाहेर काढताना आणखी तितकीच. पीक मारून झाड विकायचं असेल तर मग झाड विकून मिळवायचं काय?

म्हणून मामेभाऊ थांबला. सोयाबीन निघेल, तूर निघेल, मग पाहू म्हणाला. ऑगस्ट संपायला आठ दिवस राहिले तेव्हा तो मुदतवाढ मागायला गेला. त्याला सांगण्यात आलं की मुदत संपली तर नवा अर्ज करा. नवा अर्ज म्हणजे नवा सातबारा, नवा दाखला, पुन्हा तिघांच्या सह्या, पुन्हा पाहणी. झाडं तीच, आकडे तेच, मालक तोच. फक्त कॅलेंडरचं पान उलटलं.

तो परतला तेव्हा बाजूच्या वावरातले मामा धुऱ्यावर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘झाड काय पयून जाते का बाप्पा?’

मी गेले कित्येक दिवस या एका प्रश्नाशी अडलो आहे. आपल्या सगळ्या लाकूड कायद्यात याहून नेमका प्रश्न मला सापडला नाही.

झाड पळत नाही. ट्रक पळतो. मग घड्याळ कोणाच्या पाठीमागे लावायचं?

शेतातल्या सागाला दोन कागद लागतात आणि ते दोन वेगळे आहेत, हे आधी नीट सांगितलं पाहिजे, कारण बोलताना आपण दोन्हींना परवानगीच म्हणतो. पहिला कागद झाड पाडण्याचा. तो १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमाखाली मिळतो. त्या कायद्याच्या मूळ अनुसूचीत सोळा जाती आहेत: साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस, खैर, चंदन, हिरडा, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन आणि खाडीकाठची तिवरं. ही झाडं तुमच्या मालकीच्या जमिनीत, तुमच्या बापाने लावलेली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. दुसरा कागद ते लाकूड रस्त्याने नेण्याचा, वाहतूक पास. तो १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४१ मधून येतो. त्या कायद्याच्या व्याख्येत इमारती लाकूड हे जंगलातून आणलेलं असो वा नसो, वनउपजच आहे. धुऱ्यावरचा साग पडला की कायद्याच्या डोळ्यात तो जंगलाचा होतो.

पहिला कागद उभ्या झाडाचा. दुसरा धावत्या लाकडाचा.

दुसऱ्या कागदाची मुदत तंग असलीच पाहिजे. तासांत मोजावी इतकी तंग. मी हे मनापासून म्हणतो, कारण आम्ही मेळघाटच्या पायथ्याला राहतो. चांदूर बाजारहून घाटलाडकीकडे तोंड केलं की पुढे सातपुड्याची निळी रेघ दिसते. परतवाड्याच्या आगारात ज्या सागाचे लिलाव होतात तो साग त्याच डोंगरातला. हे जंगल आहे म्हणून पूर्णेला पाणी आहे, विश्रोळीच्या धरणात पाणी आहे, आमच्या संत्र्याच्या मुळाशी ओल आहे. एकाच पासवर सकाळी शेतातलं लाकूड आणि रात्री डोंगरातलं लाकूड, अशा दोन खेपा मारता येतात हे लाकडाच्या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो. रात्री नाक्यावर उभा असलेला वनरक्षक ज्या कागदाकडे टॉर्च मारून पाहतो, त्यावरची तारीख आणि वेळ हेच त्याचं हत्यार आहे. ते बोथट करू नका.

पण तोच संशय उभ्या झाडावर कशासाठी? सात झाडांची परवानगी दोन वर्षं चालली तरी झाडं सातच राहतात. आठवं झाड कापलं तर आठवा खुंट दिसेल आणि त्यावर आकडा नसेल. खुंट उपटून टाकला तर खड्डा दिसेल. चोरी झाडाच्या मुळाशी होत नाही असं मी म्हणत नाही. मुळाशी झालेली चोरी पकडायला खुंट पुरेसा आहे, तारखेची गरज नाही, इतकंच म्हणतो. आणि चोरीचा माल मुळाशी बसून राहत नाही, तो रस्त्यावर येतो. तिथे दुसरा कागद उभा आहेच.

आखूड मुदतीने जंगल वाचतं, असं अनेक चांगल्या माणसांना वाटतं. वृक्षप्रेमी मित्र मला तेच सांगतात. मी त्यांना आमच्या भागात येऊन पाहायला सांगतो. घडतं ते उलटं. मामेभावाला सातही झाडं एकदम पाडायची नव्हती. त्याला तीन पाडायची होती. एकाची दारं-चौकटी घरासाठी, दोन विकून पोरीची फी. उरलेली चार वाऱ्याला आडोसा म्हणून ठेवायची, पुढे लागतील तशी काढायची. मग अर्ज सातांचा का केला? कारण प्रत्येक वेळी ही सगळी परिक्रमा पुन्हा करायची ताकद त्याच्यात नाही. एकदाच काय ते मागून घेऊ म्हणाला. आणि एकदा सातांचा कागद मिळाला, त्याची तारीख सरकू लागली, की माणूस सातही पाडतो. नाही पाडले तर परवानगी वाया जाणार. तीन झाडांची गरज असलेल्या माणसाकडून सात झाडं पाडून घेणारी गोष्ट ही आखूड तारीख आहे.

असं मी किती धुऱ्यांवर पाहिलं. मोठ्या आंब्याच्या दोन फळ्यांची गरज होती, पूर्ण आंबा गेला. चिंचेची एक बाजू वाळली होती, आख्खी चिंच गेली, कारण कागद झाडाचा होता आणि कागदाला पंधरा दिवस उरले होते. घाईत तोडलेलं झाड नीट वाळत नाही, नीट विकलं जात नाही, त्यावरचं पाखरू पिल्लं उडायच्या आत बेघर होतं. वर्ष-दोन वर्षं हाताशी असली तर माणूस झाडाकडे पाहून ठरवतो. पंधरा दिवस असले तर तो कॅलेंडरकडे पाहून ठरवतो.

आणि या घाईचा पैसा कोणाच्या खिशात जातो तेही पाहा. उभ्या झाडाचा सौदा करणारा ठेकेदार गावात येतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो, कागद आहे का, आणि दुसरा, किती दिवसांचा आहे. चार महिने असतील तर एक भाव. महिना असेल तर दुसरा. आठवडा राहिला असेल तर तो बुंध्याला टेप लावायची तसदीही घेत नाही, नुसता अंदाजाने आकडा सांगतो, आणि शेतकऱ्याला तो घ्यावा लागतो. कागद मेला असेल तर, ‘कागदाचं मी पाहून घेतो, तुम्ही फक्त सही द्या,’ असं म्हणून तो झाड निम्म्याने घेतो. त्याला कार्यालयं माहीत असतात, कोणत्या महिन्यात अर्ज टाकला तर कागद कोणत्या महिन्यात निघतो हे माहीत असतं, तो दहा गावांचे दहा अर्ज एका फेरीत करतो. मी ठेकेदाराला शिव्या देत नाही. तो धंदा करतो. पण साग पस्तीस वर्षं वाढवणाऱ्या बापाचा पैसा चार दिवसांच्या तारखेमुळे त्याच्याकडे वळतो, आणि ती तारीख सरकारने घातलेली असते.

आमच्याकडे झाड पाडायचा खरा हंगाम किती दिवसांचा आहे हे मी मोजून पाहिलं. तूर जानेवारीत निघते. हरभरा असेल तर मार्च. संत्र्याच्या बागेकाठी साग असेल तर गोष्ट आणखी आवळते. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलावर येतो, तेव्हा बागेत फांदी पडून चालत नाही. मृग बहार धरला असेल तर फळ मार्च-एप्रिलपर्यंत झाडावर. होळीला मेळघाटातले कोरकू मजूर गावी जातात, आणि जायलाच हवं, वर्षातला तो त्यांचा मोठा सण. पुढे गुढीपाडव्याला सालदाराचं साल बदलतं, नवा माणूस रुळेपर्यंत काही दिवस जातात. राहिला एप्रिलचा शेवट आणि मे. तेव्हा सागाची पानं गळलेली, जमीन दगडासारखी टणक, ट्रॅक्टर थेट बुंध्यापाशी जातो. वर्षातून पाच-सहा आठवडे. जी परवानगी या पाच-सहा आठवड्यांना शिवतच नाही ती परवानगी नाही, नुसता शिक्का मारलेला कागद आहे.

सरकारला हे कळत नाही असं नाही. स्वतःच्या सागाच्या बाबतीत फार चांगलं कळतं. सरकारी जंगलाची कार्य आयोजना साधारण दहा वर्षांची असते. कोणता कूप, म्हणजे तोडीचा पट्टा, कोणत्या वर्षी, किती, कसा, हे दहा वर्षांचं आधी लिहिलेलं. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या जंगलतोडीवर लगाम घातला तेव्हाही केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेनुसार होणारी तोड तेवढी वगळली. न्यायालयानेही मान्य केलं की लाकूड काढायचं तर आराखडा लांबचा लागतो. मग हजारो हेक्टरचं जंगल सांभाळणाऱ्या, गाड्या-माणसं-आगार असलेल्या खात्याला दहा वर्षं, आणि एक विळा, एक मोटारसायकल असलेल्या माणसाला तीन पावसाळी महिने, हा हिशेब कोणी मांडला?

मुदतवाढ हा शब्द या जिल्ह्याला नवा नाही. शेजारच्या अचलपूरहून मूर्तिजापूर, यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे आठवा. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या काळात सुरू झालेली ती नॅरोगेज. तिचा करार स्वातंत्र्यानंतरही दर दहा वर्षांनी नव्याने होत राहिला. इंग्रज गेले, कापसाचा तो व्यापार गेला, वाफेची इंजिनं गेली, करार चालत राहिला. अमरावती जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर किती काळ प्रशासक कारभार पाहत राहिले ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मुदत वाढवायची असली की वाढवता येते. कोणासाठी वाढवायची, एवढाच प्रश्न असतो.

दूरचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या शेवटी लाकडाचे भाव चढले होते तेव्हा कंपन्यांनी सरकारी जंगलातल्या लाकडासाठी वारेमाप बोली लावल्या. पुढे घरबांधणी थंडावली, भाव कोसळले, कंपन्या अडचणीत आल्या. १९८४ साली तिथल्या काँग्रेसने खास कायदा करून त्यांना काही रक्कम भरून ते करार सोडून द्यायची मुभा दिली. बाजार पडला की कराराची मुदत वाढवून द्यायची सोयही तिथल्या वनसेवेत आहे. ते सगळं मोठ्या कंपन्यांसाठी होतं, आणि कंपन्या चुकल्या होत्या, त्यांनीच बोली चढवल्या होत्या. माझा मामेभाऊ कुठे चुकला होता? त्याच्याकडे पाऊस आला, जो दरवर्षी येतो.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. डोंगर ओलांडला की बैतूल. मध्य प्रदेशाने २००१ मध्ये लोकवानिकी अधिनियम केला. मालकाने आपल्या झाडांचा व्यवस्थापन आराखडा करून घ्यायचा, तो मंजूर झाला की त्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने काढायचं. त्यात त्रुटी असतील, आहेत. पण एक गोष्ट त्यांनी मान्य केली की शेतातली झाडं ही एका दिवसाची घटना नाही, ती वर्षानुवर्षं चालणारी शेती आहे.

आता आमच्या राज्याचं पाहू. महाराष्ट्राने झाडं लावून घेण्यात कधी हात आखडता घेतला नाही. १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण सुरू झालं. २०१६ ला दोन कोटी झाडांचा कार्यक्रम, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा कोटी, २०१९ ला तेहतीस कोटी. नव्वदच्या दशकात सागवान कंपन्यांच्या जाहिरातींची लाट आली तेव्हा त्या कंपन्यांत पैसे न घालता शहाण्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या धुऱ्यावर दहा-वीस रोपं लावली. मामेभावाचे सात त्यातलेच. वीस लावले होते, तेरा गेले, सात जगले. ते आज पस्तिशीच्या आसपास आहेत, म्हणजे उपयोगाला आले आहेत. आणि नेमकं आता कागदाशी गाठ पडते आहे. अशी झाडं फक्त आमच्याच धुऱ्यावर नाहीत.

मला सगळ्यात जास्त लागतं ते २०१८ च्या कन्या वन समृद्धी योजनेचं. योजना चांगली आहे, हेतू फार चांगला. शेतकऱ्याच्या घरी मुलगी जन्मली की दहा रोपं द्यायची: साग पाच, आंबे दोन, फणस एक, जांभूळ एक, चिंच एक. झाडं पोरीबरोबर वाढतील, पुढे तिच्या शिक्षणाला, संसाराला कामी येतील. मी ही यादी हातात घेऊन १९६४ च्या अनुसूचीशेजारी ठेवली. साग आहे. आंबा आहे. फणस आहे. जांभूळ आहे. चिंच आहे. दहाच्या दहा रोपं परवानगीशिवाय न तोडता येणाऱ्या जातींची.

म्हणजे २०१८ ला जन्मलेली पोर २०३६ ला अठराची होईल. अमरावतीला, नागपूरला शिकायला जाईन म्हणेल. जूनमध्ये प्रवेश, जूनमध्ये फी. बाप पाच सागांपैकी दोन काढायचं ठरवेल. तेव्हा त्याच्या हातात पडणाऱ्या कागदावर कोणती तारीख असेल? फीची शेवटची तारीख आणि परवानगीची शेवटची तारीख यांची गाठ कोण घालणार? ज्या सरकारने झाड देताना पोरीचं नाव घेतलं त्याने झाड काढताना बापाला नवा अर्ज करायला लावू नये. याबद्दल आत्ताच, ती पोर दुसरी-तिसरीत असतानाच बोललं पाहिजे.

दंडाचं बोलणं मात्र आपल्याकडे लवकर होतं. विनापरवाना तोडीचा दंड जुन्या कायद्यात हजार रुपयांपर्यंत होता. तो पन्नास हजारांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये घेतला, त्यावर राज्यभर चर्चा झाली. शंभर वर्षांचा वड रातोरात पाडणाऱ्याला दंड मोठाच हवा, माझं दुमत नाही. पण ज्या फाइलमध्ये दंडाचा आकडा बदलायचा होता त्याच फाइलमध्ये मुदतीबद्दल एक कलम घालायला किती शाई लागली असती? मोठा दंड आणि आखूड मुदत एकत्र आले की प्रामाणिक माणूस झाड लावायचंच सोडतो. आमच्या भागात हे सुरू झालेलं आहे. धुऱ्यावर काही लाव म्हटलं तर तरुण पोरगा म्हणतो, संत्रा लावतो, उद्या वाळला तर उद्या उपटता येतो. २०१९ च्या उन्हाळ्यात वरुड-मोर्शीकडे बागा वाळल्या तेव्हा लोकांनी वाळलेली संत्री उपटून सरपण केलं, कोणाला विचारावं लागलं नाही. साग लावला तर तो माझा राहत नाही, असं तो पोरगा म्हणतो. त्याचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

कायदा हलू शकतो हे बांबूने दाखवलं. २०१७ ला वन अधिनियमातल्या ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येतून बांबू काढला आणि शेतातला बांबू मोकळा झाला. त्याआधी, एप्रिल २०११ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा गावात बांबूच्या वाहतूक पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. पास गावाने फाडला म्हणून जंगल संपलं नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत केंद्रानेही पावलं टाकली. २९ डिसेंबर २०२३ ला राष्ट्रीय वाहतूक पास प्रणाली देशभर सुरू झाली, क्यूआर कोडचा पास, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पुन्हा कागद नको. हा दुसरा कागद झाला, ट्रकचा. तो चपळ केला हे बरं केलं. जून २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने शेतजमिनीवरच्या वृक्षतोडीसाठी नमुना नियम राज्यांकडे पाठवले. झाडं आधी पोर्टलवर नोंदवायची, जागेसकट, फोटोसकट. दहापर्यंत झाडं असतील तर फोटोवर काम, त्याहून जास्त असतील तर पडताळणी. नमुना नियम राज्याने स्वीकारले तर उपयोग. आणि स्वीकारताना आपल्या पावसाचं, आपल्या मातीचं एक वाक्य त्यात घालता येईल, दिल्लीच्या नमुन्यात काळी माती येणार नाही.

ते वाक्य काय असावं याबद्दल मी धुऱ्यावर बसून मामा, मामेभाऊ आणि एका निवृत्त वनपालाशी बराच वेळ बोललो. वनपालांचं नाव लिहीत नाही, त्यांनी तीस वर्षं डोंगरात काढली आणि चोर-साव दोन्ही पाहिले. त्यांचं म्हणणं असं पडलं. तोडीची मुदत कागदावर सही झाली त्या दिवसापासून धरू नका, मालकाच्या हातात कागद पडला त्या दिवसापासून धरा. परवानगी कोणत्याही महिन्यात निघो, तिच्या पोटात दोन उन्हाळे आले पाहिजेत. दोन उन्हाळ्यांनंतरही झाडं उभी असतील तर एका पानाचा अर्ज, जुना क्रमांक, आणि बीटच्या वनरक्षकाने गावात आला की खुंट आणि उभी झाडं मोजून त्याच कागदाच्या पाठीवर सही करावी. नवा सातबारा नाही, नव्या संमत्या नाहीत. जमीन विकली गेली किंवा वाद उभा राहिला तर गोष्ट वेगळी. वाहतूक पास मात्र लाकूड गाडीत भरताना, त्याच दिवशीचा, तासांचा. ‘तिथं एक घंटाबी वाढवून देऊ नका,’ हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी विचारलं, असं केलं तर तुमच्या लोकांवर कामाचा बोजा वाढेल? ते म्हणाले, कमी होईल. आज तीच सात झाडं आम्ही तीनदा मोजतो. तीन वेळा पाहणी, तीन वेळा पंचनामा. तेवढ्या वेळात एक माणूस रात्रभर नाक्यावर उभा राहिला असता.

आदिवासी खातेदाराचं प्रकरण याहून कठीण आहे. त्याच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत कागद जातो. ठेकेदारांनी दारूच्या बाटलीवर साग लुटले म्हणून तो कायदा आला आणि तो हवाच. पण संरक्षणासाठी जास्तीचे टप्पे घातले तर जास्तीचा वेळही त्याच माणसाला द्यायला हवा. आमच्या तालुक्याच्या उत्तरेच्या गावांत ही घरं आहेत. त्यांच्या कागदाला सगळ्यात लांब मुदत हवी, कारण त्यांचा रस्ता सगळ्यात लांब आहे.

२०१५ पासून राज्यात लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अर्जावर किती दिवसांत निर्णय द्यायचा हे त्याने कार्यालयांना लिहून लावायला लावलं. मोठं काम झालं. पण तो कार्यालयाचे दिवस मोजतो, शेतकऱ्याचे मोजत नाही. कागद वेळेत निघाला आणि भर पावसात निघाला, तर नोंद ‘सेवा दिली’ अशीच होते.

मागच्या सोमवारी मामेभावाने नवा अर्ज टाकला. पुण्याची सही कुरिअरने आली, सुरतेची अजून यायची आहे. जाताना त्याने गेरूचा डबा आणि ब्रश घेतला, तीन नंबरच्या झाडावरची नवी साल नखाने बाजूला केली आणि झाकलेला आकडा पुन्हा ठसठशीत काढून ठेवला, पाहणीला येणाऱ्याला शोधावा लागू नये म्हणून. सात झाडांपैकी चारांची नावं या वेळी अर्जातून काढली आहेत. आणि अर्जाच्या शेवटी, जिथे छापील मजकूर संपतो तिथे, त्याने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे: ‘वावरात तूर उभी आहे, ती निघाल्यावर झाडे तोडू, तोवर मुदत द्यावी.’